सोडलेली जागा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात, गाळ्याच्या माळ्यावर
आमचा एक तीनशे शहाऐंशी होता.
कीबोर्डच्या फटींत कांद्याची सालं.
मेमरी सहाशे चाळीस किलोबाइट; त्यातली आधी डॉसने घेतली,
मग माउसच्या ड्रायव्हरने. माउस नव्हताच.
उरलेल्यात अख्खा बाजार बसवायचा होता.

हरेश्वर घरत म्हणाला, "सोपं हाय, बाय.
सेगमेंट म्हणजे सेक्टर, ऑफसेट म्हणजे घर नंबर.
फक्त हितं दर सोळा पावलांवर नवा सेक्टर सुरू होतो,
एकावर एक चढलेले,
म्हणून एकाच खोलीला चार हजार शहाण्णव पत्ते."
पोस्टमन वेडा होईल, मी म्हटलं.
"वाशीचा झालाय," तो म्हणाला.

मॅलॉकला फक्त किती ते सांगायचं.
कशाला, ते तो विचारत नाही.
देताना जागेच्या उंबऱ्याबाहेर आकार लिहून ठेवतो,
हमाल पोत्यावर गेरूने वजन लिहितो तसा,
म्हणून परत घेताना पुन्हा मोजावं लागत नाही.
पण झाडून देत नाही.
बटाट्याच्या यादीसाठी मागितलेल्या जागेत एकदा
मला निघालं: "सेकर ट्रेडर्स, बाकी ४१"
पुढचं कुणीतरी खाल्लेलं.

खालून हीप चढत येतो, वरून स्टॅक उतरत जातो,
मध्ये भिंत नाही.
आमच्या जिन्यात पोतं घेतलेला हमाल समोर आला
की मी दोन पायऱ्या मागे सरायचे.
मशीनमध्ये कुणी सरत नाही.
त्या दिवशी कांद्याच्या भावाच्या जागी
स्क्रीनभर हसरे चेहरे, बदाम, किलवर,
आणि शेठ मागे उभे.
"हे काय, पत्ते खेळता?"

ते निस्तरलं तर दुसरंच.
रोज पाचच्या सुमाराला, आठशेव्या पोत्याआसपास,
मागितलं की नल.
मी वहीत बेरीज केली. बारा हजार बाइट मोकळे,
मला हवे तीन हजार.
बेरीज बरोबर होती. पण इथे चाळीस, तिथे दोनशे,
पलीकडे सोळा, सगळे दुसऱ्यांच्या मधे मधे.
घरत बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.
"बापाची जमीन सरकारने एका दमात घेतली," म्हणाला,
"साडेबारा टक्के द्यायची म्हटल्यावर
सलग नव्हती कुठंच."
मग पेन्सिल घेऊन: "सकाळीच एक मोठा तुकडा धर.
दिवसभराची पोती त्यातच मांड.
रात्री सगळा एकदम सोड."

तसं केलं. चाललं.

त्याची एक सवय होती. जागा सोडली
की लगेच पुढच्या ओळीत पॉइंटरला नल.
दर वेळी. प्रोग्राम तिथेच संपत असला तरी.
मी म्हटलं, कशाला, दोन ओळी वाढतात.
तो खिडकीशी गेला. खाली ट्रकांची रांग,
वजनकाट्यावर नाशिकची गाडी.
"त्या काट्याखाली आमच्या खारीची उघाडी होती.
ओहोटी लागली की आबा जाऊन उघडायचा,
पाणी खाडीत सोडायचा.
जमीन सोडून वीस वर्षं झाली.
सोडली म्हणून त्याला कुणी सांगितलंच नाय,
म्हणजे कागदावर सांगितलं, अंगठा पण घेतला,
पण तो आकडा आत आहे तसाच.
अजून रात्री ओहोटीला उठतो.
चप्पल घालतो.
तिसऱ्या मजल्याच्या दारापर्यंत येतो न् उभा ऱ्हातो."

मी काही बोलले नाही.
त्याने एंटर दाबलं. प्रिंटर जागा झाला,
चारशे सत्तावीस पोती, दर मण, हमाली, तोलाई,
कागद भोकाभोकाने वर सरकत राहिला.